आबांचा उपवास

माझा पेपर असला की आमचे आबा जेवत नाहीत. मी पेपरला निघताना ते माझ्या डोक्यावर हात ठेवतात आणि मी परत येईपर्यंत पडवीतल्या खुर्चीत उपाशी बसून प्रार्थना करतात. दहावीपासून हे असंच चालत आलं आहे.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे मामा. भरवेलीच्या खाणीतून ते रिटायर झाले, मामी देवाघरी गेल्या, मूलबाळ नाही, म्हणून आमच्याकडे राहतात. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी ते सायकलवर परसवाड्याकडच्या गावांत जायचे. कुणाकडे आजारपण असायचं, कुणाकडे भाऊ-भाऊ बोलत नसायचे. आबा त्यांच्या अंगणात बसून प्रार्थना करायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. आता गुडघे साथ देत नाहीत. सायकल माझ्याकडे आली आणि आबांकडे उरला उपवास.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बी.एस्सी. म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. तरी आबा आदल्या दिवशी विचारतात, "उद्या कायचा पेपर हाय?" मी सांगते. मग प्रार्थनेत ते अडखळत म्हणतात, "हे प्रभू, पोरीचं ते रसायन सांभाळ." मला हसू येतं आणि धीरही येतो.

गेल्या वर्षी आबांना साखरेचा आजार निघाला. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आबा म्हणाले, "डॉक्टरले सांग, मी लग्नात जेवून भरपाई करतो." या परीक्षेत, तिसऱ्या पेपरच्या दिवशी मी घरी आले तर आबा खुर्चीत घामाने भिजून पडले होते. आई त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी चमच्याने घालत होती.

संध्याकाळी ते जरा सावरले. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आबा, झाले हो सगळे पेपर."

दोन पेपर बाकी होते. आईने चुलीजवळून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोळी लाटायला लागली.

"झाले? खरंच?" आबांचा चेहरा उजळला. "मंग वाढ वं सूनबाई, आज दोन पोळ्या जास्त खातो." त्यांना जेवताना पाहून मला बरं वाटलं. मी त्यांचा जीव वाचवला, असंही मनात आलं. खोटं बोलण्याचं काही वाटलं नाही.

ते वाटलं रविवारी. आमच्या चर्चमध्ये उपासनेत साक्षीची वेळ असते. देवाने आपल्यासाठी काय केलं, ते ज्याला सांगायचं त्याने उभं राहून सांगायचं. आमच्या चर्चमध्ये सगळं हिंदीत चालतं, पण आबा आपल्या बोलीत बोलले तरी त्यांना कुणी अडवत नाही. ते बाकाला धरून उठले.

"माह्या नातीचे सारे पेपर देवानं पार पाडले," ते म्हणाले. "मले आता सायकल होत नाही, उभं राहणं होत नाही. पण देवानं म्हाताऱ्यालेही काम देल्लं, त्याचे उपकार."

लोक आमेन म्हणाले. मागच्या बाकावरच्या आंटीने माझ्या खांद्यावर थोपटलं, "बधाई हो बेटा." मी मान हलवली. माझे कान तापले होते.

सोमवारी चौथा पेपर होता. मी दप्तर घेऊन निघाले तेव्हा आबा पोहे खात होते.

"कुठं चालली?"

"लायब्ररीत."

"जाय मंग, हळू जाय," म्हणाले आणि पुन्हा बशीकडे वळले. माझ्या डोक्यावर हात आला नाही. का यावा? लायब्ररीत जाणारीच्या डोक्यावर कोण हात ठेवतं? मी रस्ताभर स्वतःला हेच सांगत होते.

पेपर बरा गेला. परत आले तर आबा त्याच खुर्चीत बसले होते, पोट भरलेलं, गोळी घेतलेली. पण मला ते घाम आलेल्या दिवसापेक्षा जास्त म्हातारे वाटले. आई म्हणाली, "सकाळपासून तीन डाव विचारलं, काही काम हाय का म्हणून. शेवटी लसूण सोलाले देल्ला."

आमच्या चर्चचे पाळकसाहेब पुष्कळदा सांगतात की देवाच्या अंगणात लावलेलं झाड म्हातारपणीही फळ देतं. मी ते ऐकून समजत होते की फळ म्हणजे म्हाताऱ्या माणसाला मिळणारा आराम आणि मान. झाड आपलं फळ स्वतः खात नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आबांची फळं मी खात होते, आणि मीच झाडाला सांगून आले होते की आता पुरे.

शेवटच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी घरात पवित्र शास्त्र वाचून झाल्यावर मी आबांना सांगितलं. सगळंच सांगितलं.

आबांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे मी देवाच्या घरात उभा राहून खोटी साक्ष देल्ली?"

मी याचा विचारच केला नव्हता. मला रडू आलं. "तुम्ही मरून जाल अशी भीती वाटली, आबा."

"काहून वं, मी काय इथं कायमचा राहाले आलो हाय?"

"उद्या मी उपाशी राहते. तुम्ही जेवून प्रार्थना करा."

"वा! पेपर तूच देशील, उपास तूच करशील, अन् मी काय लसूण सोलू?"

आई आतून हसली, मग आबाही हसले. शेवटी आईनेच तोड काढली: गोळीबरोबर अर्धी भाकर खायची आणि मग खुर्चीत बसायचं. आबांनी कुरकुर केली, पण मानलं. सकाळी भाकरीचा हात धुऊन त्यांनी तो ओलाच माझ्या डोक्यावर ठेवला.

पण त्या रविवारी ते पुन्हा उभे राहिले. "मागच्या रविवारी मी बोललो ते खरं नव्हतं. पेपर बाकी होते. देवानं अन् तुम्ही मले माफ करा." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

मागून आंटीचा आवाज आला, "उमर हो गई बेचारे की, कुछ याद नहीं रहता."

त्यांना सगळं आठवत होतं. खोटं माझं होतं, आणि विसराळू ते ठरत होते. उठून सांगावं म्हणून मी बाकाची कड धरली. पण पाय उचलायला मी इतका वेळ लावला की तोवर पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. मी उभी राहिले तेव्हा गीतासाठी सगळेच उभे राहिले होते. मीही गायले.

बाहेर फाटकाजवळ मी आंटीला गाठलं. "आंटी, आबा कुछ नहीं भूले। झूठ मैंने बोला था।"

"अरे बेटा," त्यांनी माझा गाल कुरवाळला, "कितनी अच्छी हो, दादाजी की बात अपने ऊपर ले रही हो।" मी पुन्हा सांगितलं. पण त्यांचं लक्ष चपला शोधण्याकडे होतं.

आबा माझ्या मागेच काठी टेकून उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. मी खाली पाहत राहिले.

"जाऊ दे," ते म्हणाले. "तिचा पोरगा लय दिवसांपासून घरी बोलत नाही, दारू पितो. मले मागं सांगत होती. उद्यापासून त्याच्यासाठी बसतो."

"जेवून, आबा?"

"हौ वं, जेवून."