अहमदपूरचा उच्चांक

मराठवाड्याचा पोरगा तापमानावर लिहायला बसलाय म्हणल्यावर तुम्ही मनात माठ, रसवंती, गेलेली लाइट आन् कोरडा कूलर मांडून ठेवला असंल. उचला ते सगळं. मला सांगायचंय माझ्या मावशीच्या मालकांबद्दल, म्हणजे आमच्या अहमदपूरच्या काकांबद्दल. पृथ्वीवर कुठंही पारा जरा हलला की या माणसाला इथं बसल्या जागी कळतं. घरात साखर संपलेली कळत नाही, पण सैबेरियात किती थंडी पडली ते तोंडपाठ.

काका एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारल्या आन् रिटायर झाले. त्यानंतर सहा महिने घरात गप्प बसून होते. मग कुठंतरी वाचलं की जगातलं सगळ्यात जास्त तापमान अमेरिकेत डेथ व्हॅली नावाच्या जागी मोजलंय, छप्पन पॉइंट सात, आन् सगळ्यात कमी अंटार्क्टिकात, उणे एकोणनव्वद पॉइंट दोन. तिथून गडी जो उठला तो बसलाच नाही. समोरच्या खोलीत काळा फळा लावला, स्टँडवर असतो तसा. गावाचं नाव, उच्चांक, नीचांक. पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी पुकारणार, आन् मला नकला करायची खोड, हा आवाज मी झोपेतसुद्धा काढू शकतो: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. अंटार्क्टिका, व्होस्टोक, उणे एकोणनव्वद पॉइंट दोन, फलाट क्रमांक एक." लिबियातल्या एका गावाच्या अठ्ठावन्न अंशापुढं मात्र लाल खडूनं 'रद्द' लिहिलेलं. तो आकडा घेणारा माणूस नवीन होता, यंत्रातली खुणेची काडी एका टोकाला वाचायची ती त्यानं दुसऱ्या टोकाला वाचली असावी, असं म्हणे मोठ्या मोठ्या लोकांनी बसून ठरवलं आन् नव्वद वर्षांनी विक्रम काढून घेतला. हे सांगताना काका त्या 'रद्द'वर बोट ठेवायचे. "नव्वद वर्षं गावानं मिरवला असंल रे."

मी नांदेडला शिकायला, पण फोनवर कधी तब्येत विचारणार नाहीत. नमस्काराचं "शरणार्थ" झालं की लगेच, "नांदेडला किती?" मी म्हणायचो, "काका, परीक्षा चालू हाय." "ते असू दे, सावलीत किती?" देगलूरला मे महिन्यात लग्न होतं, फेट्याखाली नवरदेवाला चक्कर यायला लागली. काका स्टेजवर चढून त्याच्या कानात म्हणाले, "इथं बेचाळीसच हाय. डेथ व्हॅलीत छप्पन होतं." नवरदेवाचा दोस्त म्हणाला, "तिथं लग्नं लागतेत का काका?" याच्यावर दुसरा माणूस चिडला असता. काका विचारात पडले. परतीच्या वाटेवर तासाभरानं जळकोटजवळ एकदम, "लागत असतील तर कोणत्या महिन्यात धरत असतील?" उमरीला ऐन थंडीत सासरवाडीनं गरम पाणी काढून दिलं तर, सैबेरियात उणे पन्नासलाही पोरं शाळेत जातात म्हणून, गार पाण्यानं अंघोळ केली. रात्री एकशे दोन ताप. कण्हत कण्हत मला फोन, "सेल्सिअसमध्ये काढून दे. माझा स्वतःचा उच्चांक हाय."

सगळ्या जगाचे आकडे झाले, पण फळ्यावर अहमदपूर नव्हतं. त्याच्यापायी जीव तुटायचा त्यांचा. मग नांदेडहून मला कमाल-किमान दाखवणारं तापमापक आणायला लावलं. सुताराकडून फटीफटीची लाकडी पेटी करून घेतली, पांढरा रंग, छातीएवढे चार पाय, आन् अंगणात उत्तरेला दार करून उभी केली. सगळं हवामान खात्याच्या नियमानं. पण आपल्याकडं पांढरी पेटी, खाली चार पाय, आन् एक म्हातारा रोज सकाळ-संध्याकाळ दार उघडून डोळे बारीक करून आत बघतोय. आठ दिवसांत गल्लीतल्या बाया येता-जाता हात जोडायला लागल्या. एकीनं नारळ आणला. काका म्हणाले, "जोडू द्या. नमस्कारानं पारा चढत न्हाई."

आन् मे महिन्यात एका सोमवारी संध्याकाळी तापमापकातली खुणेची काडी दिसली अठ्ठेचाळीस पॉइंट दोनवर. सरकारी आकडा त्रेचाळीस होता. काका म्हणाले, "त्यांचं यंत्र झाडाखाली असंल." मी सुट्टीला तिथंच होतो. मला काय, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात क्लिप केली, 'अहमदपूरने रचला इतिहास', आन् सोडून दिली. दोन दिवसांत ती उदगीरपर्यंत जाऊन आली. पेपरवाला म्हणाला, उद्या फोटोला येतो. काकांनी हवामान खात्याला पत्र लिहून ठेवलं, इस्त्रीचा सदरा काढला, फळ्यावर अहमदपूरसाठी जागा पुसली.

फोटोसाठी मी पेटी आतून पुसायला घेतली तर तापमापकाच्या बरोबर खाली, फटीत, राख. आन् उदबत्तीच्या पाच जळक्या काड्या. काका मागंच उभे होते.

मावशी दारातूनच म्हणाली, "मी लावल्यात. रोज बाहेर पेटीच्या पायापाशी एक लावते. सोमवार होता म्हणून पाच लावल्या, वाऱ्यानं विझायल्यात म्हणून आत खोचल्या." आन् म्हणाली, "तुमचा एखादा आकडा यावा म्हणून. ही पेटी आल्यापासून जेवताना बोलायलात तुम्ही."

आता इथं बॉम्ब फुटणार म्हणून मी सरकलो. काकांनी एक काडी उचलून वास घेतला. मग विचारलं, "कोणती उदबत्ती होती?"

"मोगरा."

वहीत त्यांनी नीट लिहिलं. मोगरा, पाच नग. पत्र घडी करून खिशात घातलं. मला लई वाईट वाटलं, म्हणून हळूच म्हणलं, "काका, राख झटकून टाकू. फोटो निघंल, आकडा राहील. कोणाला कळतंय?"

बस. मावशीच्या वाटणीचं सगळं माझ्यावर आलं. "तिनं मनापासून लावली, तिला ठावं नव्हतं. त्या लिबियावाल्यालाबी ठावं नव्हतं. तुला ठावं हाय आन् झटकू म्हणतोस? सगळ्या गावाला क्लिप पाठवतोस? काढ फोन. खरं काय ते सांग."

मी रेकॉर्ड केलं. काकांनी कान लावला. "हा माझा आवाज हाय. पुन्हा." पुन्हा केलं. "ही ती बातम्यांची बाई." तिसऱ्यांदा आमचे हेडमास्तर निघाले, चौथ्यांदा मलाच कळंना कोण बोलतंय. काकांनी फोन माझ्या हातात परत दिला, आन् अगदी हळू, जवळजवळ काळजीनं म्हणाले, "एवढा घोडा झालास नकल्या, आन् खरं बोलायला तुझा एकबी आवाज न्हाई? बस इथं. सापडल्याबिगर उठायचं न्हाई."