लिंबूमावशींचं नाक

सकाळी धुकं असं दाट, की दवाखान्याचं फाटक कपाळावर आदळेपर्यंत दिसेना. लिंबूमावशी शिंकतच आल्या, चपला बदलल्या आणि वॉर्डाच्या दाराबाहेरच्या बेसिनवर बाटलीत लिंबाच्या वासाचा साबण ओतू लागल्या. ऑपरेशन झालेल्या बायकांच्या वॉर्डाचं दार गेली अठरा वर्षं त्यांच्या ताब्यात होतं.

भेटायला येणाऱ्यानं हात धुवायचे आणि मावशींच्या नाकापुढे धरायचे, हा त्यांचा कायदा. लिंबाचा वास आला तर आत, नाहीतर पुन्हा नळावर. ‘आत्ताच धुतले’ म्हणणारे त्यांनी पायलीला पन्नास पाहिले होते. एकदा खुद्द मोठ्या डॉक्टरांनाच त्यांनी माघारी धाडलं. तेव्हापासून डॉक्टर लांबूनच हात पुढे धरून यायचे, शाळेत नखं दाखवायला यावं तसे.

आज मात्र मावशींचा जीव नऊ नंबरच्या खाटेत अडकला होता. तिथं त्यांची धाकटी बहीण होती. कालच पोटाचं ऑपरेशन झालेलं. नेताना तिनं हात घट्ट धरून कबूल करून घेतलं होतं, की उद्या सगळ्यांच्या आधी तू ये.

भेटीच्या वेळेआधी आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम मावशींनी स्वतःलाही लावला होता. ती वेळ झाली. पहिला आला धाकटीचाच नवरा. मावशींनी हात हुंगले. वास नाही. परत पाठवला. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तो कोपरापर्यंत भिजून आला आणि मागची रांग जिन्याला टेकली.

“ताई, आता कातडं सोलायचं तेवढं राहिलंय,” तो म्हणाला. “एकदा स्वतःचा हात हुंगून बघा.”

मावशींनी हुंगला. सकाळपासून साबणात बुडालेला हात, आणि वासाचा मागमूस नाही. तेवढ्यात त्यांना सणसणीत शिंक आली. ती त्यांनी कोपरात दाबली. आवाजानं मोठ्या नर्सबाई बाहेर आल्या. त्यांनी नुसतं दारावरच्या पाटीकडे बघितलं. सर्दी-खोकला असणाऱ्यांनी आत येऊ नये, ही पाटी मावशींनीच हट्टानं लावून घेतली होती.

मावशींनी घासाघीस करून पाहिली. ही काय, धुक्याची सर्दी, दुपारपर्यंत पळेल. तोंडाला मास्क लावते, लांबूनच बघते, खाटेला शिवतसुद्धा नाही. बोलता बोलता त्यांचीच जीभ अडखळली. हीच वाक्यं त्यांनी अठरा वर्षं ऐकली होती आणि एकालाही दाद दिली नव्हती.

“तिचे टाके ओले आहेत,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझी सर्दी तिला लागली नि ती खोकायला लागली तर? मी नाही जात.”

धाकटीच्या नवऱ्यानं आत जाऊन तिला सगळं सांगितलं. धाकटीनं उशीवर मान वळवून दाराच्या काचेकडे पाहिलं. मग त्याचा ओला हात ओढून नाकाशी धरला, मावशींसारखीच भुवई चढवून हुंगला आणि पास केल्यासारखी मान हलवली. हसू आलं तशी पोट धरून कळवळली. काचेआडून मावशींनी बोट उगारलं, हसू नकोस. डोळे मात्र बाहीला पुसावे लागले.

मग त्यांनी हात धुतले, मास्क बांधला, दार नर्सबाईंवर सोपवलं आणि मागच्या अंगणात साबणाच्या रिकाम्या बाटल्या खळबळायला बसल्या.