खराट्याची काडी

शिळफाट्यावर मोटारींच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा एक माणूस होता. शिसं जोडायला त्याच्याकडं हायड्रोजनचा सिलिंडर होता. त्याच्या नळीकडं जाताना तो खराट्याची काडी पुढं धरून आंधळ्यासारखा चालायचा, तेही भर दुपारी. लढाईच्या दिवसांत लॉरी बंद पडली म्हणून मी तिथं बसलो होतो. ते चालणं बघून मला हसू फुटलं.

“हसा, दादा,” तो थांबून म्हणाला. “या गॅसला रंग नाय, वास नाय. उन्हात पेटला तरी दिसत नाय. माझा धाकटा भाऊ नळीसमोर हात झटकत नाचाय लागला. आमी पोट धरून हसलो. सदरा पेटला तवा कळलं.”

तो पुन्हा पुढं निघाला. नळीच्या तोंडाशी नुसतं स्वच्छ ऊन होतं. तिथं काडीचं टोक पेटलं.