रादोयकाचा लोकरी मोजा

मोराव्हा नदीकाठच्या आमच्या गावात तांब्याच्या तारेचा कारखाना आहे आणि त्यात रादोयका आहे. दोघांतलं आधी कोण आलं, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. जाड तार डायच्या, म्हणजे पोलादी साच्याच्या, बारीक भोकातून ओढून बारीक करायची, मग तापवून मऊ करायची, मग अशा कितीतरी तारांची एक जुडी पिळायची. ही तिन्ही यंत्रं तिच्या हाताखाली. तार सारखी तुटायला लागली की तुटकं टोक बोटांत फिरवून ती म्हणते, "डाय झिजलाय." जुडीत एखादी तार सैल दिसली की थेट त्याच रिळाचा ब्रेक आवळते. छातीवर क्रूसाची खूण करूनच बटण दाबते. यंत्र हट्टाला पेटलं, तर मात्र देवाने कान झाकावेत असं काहीबाही त्याला सुनावते.

ती घाबरते फक्त आरपार वाहणाऱ्या वाऱ्याला. तसं आमच्या गावात सगळेच घाबरतात. मान धरली, दात दुखला, मूल किरकिरं झालं, तर कुणीतरी कुठेतरी दोन खिडक्या एकदम उघड्या ठेवलेल्या असतात.

संत निकोलाच्या सणाच्या आदल्या दिवशी, सकाळीच, तापवायच्या यंत्रातून काळ्या ठिपक्यांची तार निघायला लागली. फोरमन मिओद्राग रीळ बघून म्हणाला, "दुपारपर्यंत तार चकचकीत झाली नाही, तर उद्या सगळ्यांनी कामावर यायचं."

संत निकोला रादोयकाच्या घराण्याचा रक्षक. त्याच्या दिवशी आमच्यात आमंत्रण देत नाहीत, माणसं आपणहून येतात, आणि घरची बाई चुलीपाशी नसली तर पुढच्या वर्षीपर्यंत तेच चघळतात. उद्याच्या जेवणाचे कार्प मासे तर आत्ताच तिच्या न्हाणीघरातल्या टबात पोहत होते.

"संत निकोला, तुझ्याच माशांसाठी म्हणते, बघ रे जरा," असं पुटपुटत ती कामाला लागली. विजेचा दाब तपासला, ठीक. डायवरचं साबणपाणी बदललं, तरी ठिपके. तार पुसणारा नमदा नवा घातला, तरी ठिपके.

"यंत्राला गोवर आलाय," वीजतंत्री झिवोता म्हणाला. "चहा पाज त्याला."

"तूच पी, आणि तोंड मिट."

"अगं, पण आत पाणी ठिबकतंय बघ. तारेला हवा लागू नये म्हणून वाफ सोडतो आपण. ती बाहेर जाते कुठून?"

"मागच्या नळीतून. कुठून जाणार!" म्हणता म्हणता रादोयकाचा आवाज बारीक झाला.

झिवोता यंत्रामागे वाकला. नळीच्या तोंडात हात घालून त्याने काहीतरी ओढलं. ओलाचिंब, राखाडी, लोकरी मोजा. घोट्याशी दोन लाल गुलाब विणलेले.

पाळीवरचे सगळे रादोयकाच्या पायांकडे बघायला लागले.

"काल संध्याकाळी यंत्र पुसत होते," ती म्हणाली. "बंद यंत्राच्या नळीतून वारं थेट मानेवर येत होतं, म्हणून कोंबला. सकाळी काढायचा राहिला."

"म्हणजे यंत्राला वारं लागू नये म्हणून तू त्याला मोजा घातलास!"

"यंत्राला नाही, मेल्या, मला!"

नळी मोकळी झाली, वाफ गेली, तार कोवळ्या उन्हासारखी निघायला लागली. मिओद्रागने हसू मिशीत दाबलं आणि उद्याची सुट्टी कायम केली.

दुसऱ्या दिवशी रादोयकाच्या घरी मेणबत्ती तेवत होती, पुरोहितबाबांनी पवित्र पाव कापला, आणि मासे तळताना स्वयंपाकघर इतकं वाफाळलं की माणसाला माणूस दिसेना. झिवोता पाहुण्यांतून वाट काढत खिडकीशी गेला.

"रादोयका, वाफेला वाट दे. पाहुण्यांवर ठिपके पडतील."

कारखान्यातून आलेले सगळे हसले. रादोयकाने झारा उगारला.

"माझ्या घरात तार निघत नाही. लाव ती खिडकी! तिथे आजी बसलीय, तिची मान उघडी आहे."

झिवोताने खिडकी लावली. दारात काढून ठेवलेल्या रादोयकाच्या बुटांतून तो लाल गुलाबांचा राखाडी मोजा उचलून आणला आणि खिडकीच्या फटीत नीट कोंबला.