ट्रॉलीमागे चालणारे नाना

नानांनी गाडी पुढून बघितल्याचं मला आठवत नाही. दुकानासमोर एखादी नवी कोरी गाडी उभी असायची, चार माणसं तिचं तोंड, काचा, चाकं न्याहाळत असायची आणि नाना मात्र वळसा घालून थेट तिच्या पाठीमागे जायचे. कमरेवर हात ठेवून टेललाईट बघायचे. मग "बारके हायेत" म्हणायचे, नाहीतर "बरे हायेत". तिसरा शेरा मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. माझं मुकुंदवाडीत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. इथं सगळ्या तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. कुणाला पोलीस दचकतील असा हॉर्न हवा असतो, कुणाला टपावर निळे दिवे, कुणाला रिव्हर्स घेताना आरती. मागचा उजेड वाढवून मागणारा माणूस मात्र मला हा एकच भेटला.

नाना करमाडच्या पलीकडचे, मेंढरंवाले. मुलगा शेंद्र्याला एका कंपनीत कामाला होता आणि त्याला मेंढरांचा वास नकोसा झाला होता. सून संगीता मात्र घरची जुनी पिकअप चालवायची, आणि भल्याभल्या ड्रायव्हरांपेक्षा बरी चालवायची. पिकअपच्या मागे दोन चाकांची एक ट्रॉली जोडलेली. तिच्यात मेंढरांच्या वाड्याची जाळी, पाण्याचा ड्रम आणि चालता न येणारी कोकरं. एका रानातला चारा संपला की हा सगळा संसार पुढच्या रानात हलायचा. जालना रोडची वर्दळ सुरू व्हायच्या आत रस्ता ओलांडावा म्हणून पहाटे अंधारातच निघायचे. पुढे गाडी, ट्रॉलीमागे नाना, नानांच्या मागे मेंढरं, आणि सगळ्यात शेवटी हातात बॅटरी घेतलेली नानी आणि कुत्रं.

आता ट्रॉलीला स्वतःची वीज नसते. पिकअपच्या मागच्या बंपरखाली सात पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात ट्रॉलीची वायर खोचली की गाडीचे टेललाईट, ब्रेक, इंडिकेटर सगळे ट्रॉलीवर लागतात. नानांनी आधी दोन लाईट लावून घेतले. नियमाप्रमाणे तेवढे पुरे होते. पुढच्या खेपेला आणखी दोन मागितले. त्यापुढच्या खेपेला आणखी.

"नाना, या सॉकेटवर किती भार टाकायचा? फ्यूज उडेल."

"उडू दे की. तू दुसरा बसव."

शेवटी मी बॅटरीपासून एक वेगळी जाड वायर ट्रॉलीपर्यंत ओढली, मध्ये रिले टाकला, म्हणजे भार सगळा नव्या वायरवर आणि सॉकेटकडे फक्त चालू-बंदचा निरोप. हे मी त्यांना तोंड दुखेपर्यंत समजावून सांगितलं. त्यांनी उकिडवं बसून सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे आता आनखी लावता येत्याल."

एवढे लाईट कशाला, याचं त्यांच्याकडे ठरलेलं उत्तर होतं. "माझी मेंढरं ब्रेक वळखत्यात." लाल उजेड वाढला की मेंढरं थांबतात, कमी झाला की चालतात, असं ते चहाच्या टपरीवर बसून छातीठोकपणे सांगायचे. टपरीवरचे लोक त्यांना बनवायचे. मेंढरांना लायसन काढून द्या म्हणायचे, सिग्नल तोडला तर पावती कुणाच्या नावानं फाडायची विचारायचे. नाना चिडत नसत. "तुमाला नाय कळायचं ते," म्हणत आणि चहाची बशी तोंडाला लावत. मला ही थाप वाटायची, पण गिऱ्हाइकाच्या थापेशी आपल्याला काय करायचंय, अशा मताचा मी माणूस आहे.

काम झालं की ते तपासायची त्यांची स्वतःची पद्धत होती. मला गाडीत बसवायचे आणि स्वतः रस्त्याच्या कडेनं चालत लांब जायचे, पार त्या पंक्चरवाल्याच्या कडुनिंबापर्यंत. तिथून हात वर केला की मी ब्रेक दाबायचा. मग ते ओरडायचे, "दिसला." थोडं आणखी मागं जायचे, पुन्हा हात, पुन्हा ब्रेक, पुन्हा "दिसला."

एकदा संध्याकाळी, दिवेलागणीला, असंच चाललं होतं. त्यांनी हात वर केला आणि नेमका त्याच वेळी माझा फोन वाजला. मी ब्रेक दाबलाच नाही. तिकडून खणखणीत आवाज आला, "दिसला."

मी फोन बंद केला. पुन्हा हात वर झाला. या वेळी मी मुद्दाम पाय उचलून बसलो. "दिसला, झकास दिसला," नाना म्हणाले.

ते परत आले तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. विचारलं, "नाना, दिसायला कधीपासून कमी झालं?" ते आधी माझ्याकडे, मग पिकअपच्या केबिनकडे बघायला लागले. संगीता समोरच्या दुकानात सामान घ्यायला गेली होती. ती नाही असं बघून ते माझ्या शेजारी बसले, एरवी उकिडवे बसणारा माणूस पायरीवर टेकला.

"उजेडात भागतंय," ते म्हणाले. "अंधार पडला की समदं गेलं. निस्ता ट्रॉलीचा लाल लाईट दिसतो, त्याच्या मागं चालतो म्या. मेंढरं माझ्या मागं. घरात कळलं तर पोरगं मला खाटंवर बसवंल आन् मेंढरं बाजारात नेऊन इकंल. त्याला निस्तं कारन पायजे, मिस्त्री. चालनं सुटलं की म्या काय करू, सांग बरं तूच."

इतके दिवस मी ज्याला खूळ समजत होतो, ते लाईट म्हणजे या माणसाचा रस्ता होता. मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, कारण आता ते गुपित माझ्याही गळ्यात पडलं होतं. "एका अटीवर गप्प बसतो," मी म्हटलं. "डोळे दाखवायचे."

उस्मानपुऱ्यात आमच्या घराजवळ एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत, शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होते. त्यांच्याकडे नानांना नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं की नजरेच्या कडा गेल्यात, मधलं तेवढं शिल्लक आहे. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकवायला रोज थेंब घालायचे. आणि अंधारात चालायचं नाही. नाना सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "थेंबाचं पटलं. दुसरं नाय पटलं." थेंबांची बाटली ते मेंढरांच्या औषधांच्या डब्यात ठेवायला लागले. त्या डब्यात दुसरं कुणी हात घालत नाही, अशी त्यांची समजूत होती.

कडा गेल्यामुळे ट्रॉलीच्या दोन टोकांचे दोन लाईट त्यांना एकदम दिसायचे नाहीत. एक धरला की दुसरा सुटायचा, आणि चालणं तिरकं व्हायचं. म्हणून मी सगळी वायरिंग पुन्हा काढली. दोन टोकांना नियमाचे लाईट ठेवले आणि बरोबर मध्ये, त्यांच्या छातीच्या उंचीवर, एकच मोठा लाईट बसवला. बाकीचे काढून टाकले. नाना तेवढ्या एकावर खूष होते. "ह्यो माझा," म्हणाले.

वर्षभर ठीक चाललं. मग शेंद्र्याजवळ ती गंमत झाली. गंमत म्हणायची पद्धत म्हणून म्हणतो. पहाटे हा काफिला निघाला होता. समोरून ट्रक आला म्हणून संगीतानं गाडी जरा पुढं काढली, आणि मधल्या जागेत एक टेम्पो घुसला. त्या टेम्पोचा मागचा एकच लाईट जळत होता. टेम्पो रांगत वळला आणि आतल्या रस्त्यावर लगेचच्या एका कंपनीच्या फाटकासमोर जाऊन उभा राहिला. नाना त्या लाल लाईटच्या मागे वळले. मेंढरं नानांच्या मागे वळली. नानी शेवटी होती, तिला वाटलं की आज वाट बदलली असेल. संगीतानं आरशात बघितलं तर मागे रस्ता रिकामा.

ती गाडी वळवून शोधत आली, तोवर मेंढरांनी कंपनीच्या दारातली हिरवळ, गुलाबासकट, साफ केली होती. वॉचमन शिट्टी फुंकून फुंकून थकला होता. नानांनी सगळ्यांसमोर मेंढरांनाच झापलं. "दुसऱ्याचा बी ब्रेक वळखायला लागली ही," म्हणाले. दोन दिवसांत ही हकिकत टपरीवर पोचली आणि लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. नानाही हसत होते. मी हसलो नाही. जालना रोडला तो टेम्पो न वळता रस्त्याच्या मध्येच उभा राहिला असता तर काय झालं असतं, एवढंच मला दिसत होतं.

त्याच आठवड्यात संगीता एकटी दुकानात आली. पदर खोचून उभी राहिली आणि थेट बोलली. "भाऊ, मेंढरं नाय चुकली. मामा चुकले."

मी काही कळत नसल्यासारखा चेहरा केला. मला ते जमत नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "मेंढरांच्या डब्यात मानसांच्या डोळ्याचं औषध कामून राहील? मला लई दिवसांचं माहीत हाय. खड्डा आला की म्या आधी ब्रेकवर पाय टेकवते. लाईट मोठा झाला की मामा दमानं पाय टाकत्यात. यांना नाय सांगितलं. सांगितलं की मेंढरं जात्याल, आन् मेंढरांच्या मागं मामा बी जात्याल. तुमी फकस्त असा लाईट लावा की दुसऱ्या कुनाच्या गाडीला नसंल. आन् मला कळलंय हे त्यांला कळू देऊ नका."

म्हणजे सासरा सुनेपासून लपवतोय, सून सासऱ्यापासून लपवतेय, आणि दोघांच्या मधला रिले मी. वैताग आला, आणि ती बाई मला फार आवडली, दोन्ही एकदमच.

मागे लालशिवाय दुसरा रंग लावता येत नाही. निळा-हिरवा लावला असता तर पहिल्याच नाक्यावर पोलिसांनी अडवलं असतं. दोन दिवस डोकं खाजवलं. सॉकेटची एक पिन रिकामी होती. तिच्यावरून वायर घेतली, बटण संगीताच्या हाताशी दिलं, आणि ट्रॉलीच्या खालच्या अंगाला एक पांढरा दिवा बसवला, तोंड सरळ जमिनीकडे केलेला. मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांवर येणार नाही, फक्त ट्रॉलीमागच्या डांबरावर उजेडाचा एक तुकडा पडेल, माणूस त्यात पाऊल टाकू शकेल एवढा. असा उजेड पाठीमागे घेऊन जाणारी दुसरी गाडी अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

नानांनी वाकून बघितला. "ह्यो कशाला?"

"नवा नियम आलाय," मी ठोकून दिलं. "ट्रॉलीखाली पांढरा लाईट लागतो."

"सरकारला अक्कल आली म्हनायची," नाना म्हणाले. पुढे कधी त्यांनी त्याबद्दल विचारलं नाही. त्यांना शेंद्र्याच्या रस्त्यावर मी एकदा प्रत्यक्ष बघितलं. मी पहाटेच्या एसटीनं जालन्याला निघालो होतो. पिकअप रांगत चालली होती आणि मागे त्या पांढऱ्या तुकड्यात नानांची पावलं पडत होती, उजवा पाय, डावा पाय, एकदाही बाहेर न पडता. तोंडानं मेंढरांना हाळी चालू होती. त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटला. तसा तो सहसा वाटत नाही.

नाना शेवटचे दुकानात आले ते केबिनमध्ये बसून. संगीता समोर पाण्याची बाटली आणायला गेली आणि ते दाराला धरून खाली उतरले. माझ्या आवाजाच्या दिशेनं आले आणि पायरीवर बसले.

"मेंढरं इकायची ठरवली," म्हणाले. "चार-दोन ठेवतो दारात, नानीला करमायला. पोराला म्याच सांगितलं."

"डोळ्यांचं कळलं त्याला?"

"समदं सांगितलं." त्यांनी केबिनच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाले, "मिस्त्री, खड्डा यायच्या आधी कोन ब्रेक दाबतं रं? म्या आंधळा झालो, येडा नाय झालो. पयल्यापसून माहीत व्हतं मला. तिला बरं वाटत व्हतं म्हनून गप ऱ्हायलो."

मी म्हटलं, "मग आत्ताच का सोडलं? चाललं होतं की."

"परवा ट्रक अगदी घासून गेला तिला. समोरून आला, तिला दिसलाच नाय. दिसनार कसा? पोरीची नजर सदा आरशात, म्या पडलो का उभा हाय ते बघत." त्यांनी हातानं गुडघा चोळला. "माझ्यापायी तिनं पुढं बघनंच सोडलं व्हतं."

समोरून संगीता येताना दिसली. नाना तिच्या चपलांच्या आवाजाकडे कान देऊन बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ट्रॉलीचं आता काय करता? चाऱ्यासाठी वापरणार असाल तर तो मधला लाईट आणि खालचा काढून देतो. उगाच बॅटरी खातील."

"खालचा काढ," नाना म्हणाले. "मधला राहू दे. तिच्या मागून गाड्या येत्यात."