वसमतचा वायरिंगवाला

साल २०२४, मी एकाहत्तर वर्षांचा. सुनेची नवी गाडी मागं घेताना आंगण मोकळं असलं तरी पीं पीं वाजायची. रोजचंच म्हणून सुनेनं लक्ष देणं सोडलं. मी गाडी वसमतच्या एका वायरिंगवाल्याकडं नेली. त्याला बोलायच्या आधी फडक्याला हात पुसायची सवय होती. नजर लागू नये म्हणून मी मागं बांधलेला काळा गोंडा त्यानं दोन बोटांनी उचलला, तशी गाडी गप झाली. सोडला की पुन्हा पीं पीं.

"मामा, गोंडा काढा."

"न्हाई काढत. तू वायर तोड."

त्यानं सावकाश हात पुसले. "तोडतो. पण मागं लेकरू आलं तर कोण वरडंल?"

मी वायर न तोडताच परत आलो. डोळे नसलेल्या गाडीला मागचं दिसतं कसं, हे काही कळंना. दुसऱ्या दिवशी सकाळी गोंडा सोडला आन सुनेला म्हणलं, "ब्रेकवर पाय ठेवून मागचा गियर टाक. मी मागं उभा राहतो."