वेळागरच्या वाळूत आत्या आणि गाडी

माझे मिस्टर गेल्या वर्षी वारले. तेव्हापासून त्यांची गाडी तामलवाडीला अंगणात उभी होती. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, तिच्यात कुणाला बसू देत नव्हत्या. जानेवारीत त्या स्वतःच म्हणाल्या, "त्यानं मला दर्या दाखवतो म्हणलं व्हतं. आता तू दाखव." मला गाडी चालवता येते, रजाही शिल्लक होती. निघालो.

सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर हा रस्ता चांगला आहे. कोल्हापूरला जेवून गडहिंग्लज, आजऱ्यावरून आंबोली घाट उतरलो. घाटात धुकं असतं, उजेड असताना उतरलेलं बरं. शिरोड्यात एका घरी खोली मिळाली, दोघींचं जेवण धरून अडीच हजारांच्या आत. बांगडा ताजा होता. तांदळाची भाकरी बघून आत्या म्हणाल्या, "ही भाकरी हाय का पापड?" पण नंतर मागून घेऊन खाल्ली.

सकाळी आरवलीला वेतोबाचं देऊळ पाहिलं. तिथं देवाला केळीचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. देव रात्री गावातून फिरतो आणि चपला झिजतात, असं तिथले लोक सांगतात. "देवाच्या चपला झिजत्यात, मग माझ्या गुडघ्यांचं काय," आत्या म्हणाल्या.

दुपारी वेळागर. किनाऱ्यालगत वाळूच्या टेकड्या, त्यांवर जांभळ्या फुलांची मर्यादावेल आणि मागं सुरूचं बन. वेल तुडवू नका, वाळू तिनंच धरून ठेवलेली असते. चढताना पाय घोट्यापर्यंत रुततो. आत्यांना चढवेना. बाजूला ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेली वाट दिसली. पलीकडची ओली वाळू डांबरासारखी टणक वाटली, म्हणून मी गाडी आत घातली. आमच्याकडं तलावाचं पाणी चढायला-उतरायला महिने लागतात. समुद्राला काही तास पुरतात, हे शाळेत शिकूनही त्या वेळी डोक्यात आलं नाही.

आत्यांनी काच खाली करून समुद्र पाहिला. परत वळताना पुढची चाकं मऊ वाळूत बसली. मी जोर दिला तशी आणखी खाली गेली. उतरून हातांनी वाळू उपसली, तर खड्ड्यात पाणी भरायला लागलं.

जाळी नीट करत बसलेले एक गृहस्थ गाडी इथं का आणली म्हणून विचारत धावत आले. "वयनी, गाडी हय कित्याक हाडलास? भरती येता!" ते ट्रॅक्टर आणायला पळाले आणि जाता जाता ओरडले, "आजयेक भायर काढा!"

मी दार उघडलं. "आत्या, उतरा."

"न्हाय."

"पाणी येतंय हो."

"येऊ दे. माझ्या लेकाची गाडी हाय. म्या उतरले का तुमी सोडून देताल."

मी हाताला धरून ओढलं. त्यांनी दोन्ही हातांनी सीटबेल्ट पकडला. एक लाट चाकांना लागून गेली. पुढची दाराच्या पट्टीपर्यंत आली. ट्रॅक्टरचा आवाज येत नव्हता. मग मी दुसऱ्या बाजूनं आत जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं.

"तू कशाला बसलीस?"

"तुम्ही बसलात म्हणून."

"याडी हायस का? उतर!"

पायाखाली गार पाणी आलं. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडं.

"सुनंदे, तुला काय झालं तर म्या कुणाच्या तोंडाकडं बघू?" म्हणाल्या, आणि स्वतःच बेल्ट सोडला.

त्यांना कमरेला धरून टेकडीपर्यंत आणलं. ट्रॅक्टर आला तोवर लाटा बॉनेटवर आपटत होत्या. गाडी ओढून काढली, पण इंजिनात खारं पाणी गेलं होतं. सावंतवाडीच्या मेकॅनिकनं भंगारात द्यायला सांगितलं. गाडी तिथंच दिली.

परत एसटीनं आलो. कोल्हापूर, सोलापूर करत आरामात येता येतं. तुम्ही जाल तर भरतीची वेळ घरमालकांना विचारा आणि गाडी रस्त्यावरच ठेवा. किनाऱ्यावर गाडी न्यायला मनाईच आहे, हे मला नंतर कळलं.

अंगण मोकळं दिसतं. सकाळी दार उघडलं की मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा शेजारणीनं विचारलं, "मावशी, गाडी कुठं ठिवली?"

आत्या मेथी निवडत होत्या. "गाडी दर्यानं ठिवून घेतली," त्या म्हणाल्या. "सून आणली माघारी."